नमुन्याचे पैसे मिळतात, मालाचे नाही

वेस्टफील्ड या इंग्लिश कंपनीची गाडी घेणारा माणूस बहुतेक वेळा गाडी घेतच नसे, तो खोकी घेई. एका खोक्यात वायरिंग, दुसऱ्यात सस्पेन्शनचे हात, बाजूला नळ्या जोडून केलेला पोलादी सांगाडा आणि फायबरची चार-पाच पॅनेलं. इंजिन कधी फोर्डचं, कधी भंगारात निघालेल्या माझदा एमएक्स-५ मधून उपसलेलं. मग हा माणूस आपल्या घराच्या गॅरेजमध्ये शनिवार-रविवार घालवून ती जोडायचा, सरकारी तपासणीला न्यायचा, पास झाली की नंबर लावून रस्त्यावर काढायचा. इंग्लंडमध्ये या छंदाची जुनी परंपरा आहे. १९७३ पर्यंत सुट्या भागांत विकलेल्या गाडीवर खरेदी कर लागत नसे, त्यामुळे हिशेबी लोकही खोकी घ्यायचे. तो फायदा संपल्यावर मागे उरले ते खरे वेडे. वेस्टफील्ड सुरू झाली १९८२ च्या सुमारास, म्हणजे हे सगळं उलटून गेल्यावर. तिचं गिऱ्हाईक पहिल्यापासून या वेड्यांमधलंच.

कंपनीचा कारखाना बर्मिंगहॅमच्या पश्चिमेला किंग्जविनफर्डमध्ये. एके काळी कोळशाच्या धुरानं काळवंडलेला हा भाग, त्याला ‘ब्लॅक कंट्री’ असंच म्हणतात. लोखंड, काच, साखळदंड अशी कामं करणाऱ्या लहान लहान शेड्सचा मुलूख. आमच्या भोसरीतल्या माणसाला तिथं परकं वाटायचं कारण नाही. वेस्टफील्डच्या गाड्या दिसायला लोटस सेव्हन या जुन्या, उघड्या स्पोर्ट्स कारसारख्या. इतक्या सारख्या, की सेव्हनचे हक्क घेऊन बसलेल्या केटरहॅमनं ऐंशीच्या दशकात कोर्टाची पायरी चढली. प्रकरण बाहेरच मिटलं आणि वेस्टफील्डला आकार बदलावा लागला. पण स्वभाव तोच राहिला. तिच्या एका गाडीचं नाव मेगाबुसा. सुझुकीच्या हायाबुसा मोटरसायकलचं इंजिन जेमतेम साडेचारशे किलोच्या चारचाकीत बसवलेलं. डोक्यावर छप्पर नाही, दाराच्या जागी नुसती मोकळी हवा, आणि मागच्या चाकांपासून हातभर अंतरावर तुमची पाठ.

हीच कंपनी २०१५ नंतर विनाचालक पॉड, म्हणजे मोजकी माणसं बसतील अशा छोट्या डब्यासारख्या गाड्या, बनवायला लागली.

झालं असं. डिसेंबर २०१४ मध्ये ब्रिटिश सरकारनं विनाचालक गाड्यांच्या प्रयोगांसाठी १ कोटी ९० लाख पौंड जाहीर केले. ग्रिनिच, ब्रिस्टल, मिल्टन कीन्स आणि कॉव्हेंट्री ही ठिकाणं ठरली. ग्रिनिचच्या प्रकल्पाचं नाव ‘गेटवे’. खर्च ८० लाख पौंड, काही सरकारचे, काही उद्योगांचे. हीथ्रो विमानतळावर टर्मिनल ५ पासून वाहनतळापर्यंत २०११ पासून पॉड धावत होतेच. एकवीस पॉड, सुमारे चार किलोमीटरचा त्यांचा स्वतःचा बंदिस्त मार्ग, मध्ये ना माणूस ना कुत्रं. ग्रिनिचच्या मंडळींनी ठरवलं, की हाच पॉड मार्गावरून उचलायचा आणि लोक चालतात तिथं सोडायचा. त्याचं शरीर बनवायचं काम वेस्टफील्डकडे आलं, आणि डोकं ऑक्सबोटिका या ऑक्सफर्ड विद्यापीठातून निघालेल्या सॉफ्टवेअर कंपनीकडे.

पहिल्या पॉडचं नाव ‘हॅरी’. समुद्रात रेखांश कसा काढायचा हा पिढ्यान् पिढ्या छळणारा प्रश्न घड्याळानं सोडवणाऱ्या जॉन हॅरिसनवरून. ग्रिनिचला शोभणारं नाव, आणि योगायोग असा की हॅरिसनलाही सरकारी बक्षिसाच्या पैशांसाठी म्हातारपणापर्यंत झगडावं लागलं होतं. ते नाव ठेवणाऱ्यांच्या मनात नसावं! एप्रिल २०१७ मध्ये थेम्सच्या काठानं सव्वातीन किलोमीटरच्या वाटेवर हॅरी धावला. स्टिअरिंग नाही, पेडल नाहीत; चार माणसं समोरासमोर बसलेली आणि वेळ पडली तर गाडी थांबवायला आत एक सेवक. वेग जास्तीत जास्त ताशी सोळा किलोमीटर. पुण्यात लक्ष्मी रोडवर संध्याकाळी सायकलवाला जातो तेवढा. बसायला मिळावं म्हणून पाच हजार लोकांनी अर्ज केले, त्यातल्या शंभरेक जणांना त्या खेपेला संधी मिळाली.

२०२२ मध्ये वेस्टफील्ड दिवाळखोरीच्या प्रशासकाच्या हाती गेली. नाव आणि गाड्यांचे साचे दुसऱ्या एका लहान गाडीवाल्याकडे गेले. वेस्टफील्ड हे नाव आज दिसतं ते पुन्हा त्या जुन्या, उघड्या, छंदाच्या गाड्यांवर.

पॉडमुळे कंपनी बुडाली असा सोपा निष्कर्ष मी काढणार नाही. छोट्या कारखान्याला मरायला कारणं कधीच कमी पडत नाहीत. पण गाड्यांच्या धंद्यातला माझा एक मित्र ज्या कारणानं हसला, ते कारण मला पटत नाही. तो म्हणाला, “स्टिअरिंगच्या जिवावर पोट भरणाऱ्यानं स्टिअरिंगच काढून टाकायचं, म्हणजे सलूनवाल्यानं टोप विकायला बसावं.” वाक्य फक्कड आहे. पण ते गिऱ्हाइकाच्या खुर्चीतून सुचलेलं आहे. शेडमध्ये उभं राहून पाहिलं तर चित्र वेगळं दिसतं.

मी भोसरीत गेली बावीस वर्षं फायबरचं काम करतो. बसचे बंपर, पाण्याच्या टाक्यांची झाकणं, मशीनची कव्हरं, मध्यंतरी बागेतल्या घसरगुंड्या. या कामात गाडी वेगवान की संथ याला काही अर्थ नसतो. आधी लाकूड आणि पुट्टीचा हुबेहूब आकार करायचा, त्याला आम्ही पॅटर्न म्हणतो. तो घासून घासून आरशासारखा करायचा. त्यावरून साचा काढायचा. साच्याला वॅक्स, मग जेलकोट म्हणजे बाहेरून दिसणारा गुळगुळीत थर, मग काचेच्या तंतूंची मॅट, वरून हार्डनर घातलेलं रेझिन, आणि रोलरनं एकेक बुडबुडा दाबून बाहेर काढायचा. पावसाळ्यात हवा दमट असली की जेलकोट सुरकुततो आणि सगळं पुन्हा करावं लागतं. हे काम महिन्याला चार नग, दहा नग, पन्नास नग एवढ्याच ओझ्याचं आहे. पन्नास हजार नग काढायचे असतील तर कोणीही फायबर करत नाही, प्रेसमध्ये पत्रा दाबतात. पण त्या प्रेसच्या डायला कोट्यवधी रुपये लागतात. त्यामुळे ज्याला थोडक्या, हलक्या आणि दर खेपेला थोड्या बदललेल्या गाड्या हव्यात त्याला वेस्टफील्डसारख्याच माणसाकडे जावं लागतं. विनाचालक पॉड ही नेमकी तशी वस्तू आहे. आज दार इकडे, उद्या कॅमेऱ्यासाठी छपरात खाच, परवा व्हीलचेअरसाठी उतार. मोठी कंपनी एवढ्याशा बदलाला सहा महिन्यांची मीटिंग लावते. वेस्टफील्डवाला चहा संपायच्या आत कटर चालवतो.

हे कसब काय असतं हे गूगललाही ठाऊक होतं. त्यांची ती गोल डोळ्यांची, खेळण्यासारखी विनाचालक गाडी आठवत असेल. ती मिशिगनमधल्या राउशनं जोडली होती, ज्यांचं नाव शर्यतीच्या इंजिनांशी जोडलेलं आहे. २०१७ च्या जूनमध्ये गूगलच्या वेमोनं ती गाडी निवृत्त केली आणि तयार मिनीव्हॅन विकत घेऊन त्यांवर आपली यंत्रं बसवली. राउशला त्यानं फरक पडला नाही, कारण राउश शंभर जणांची कामं करते आणि केलेल्या कामाचे पैसे घेते. माझं सगळं म्हणणं या एका ओळीत आहे, पण ती ओळ उलगडायला मला माझाच अनुभव सांगावा लागेल.

काही वर्षांपूर्वी एका कंपनीचे दोन तरुण शेडमध्ये आले. कारखान्याच्या आत माल ओढणारी, चालकाशिवाय चालणारी बॅटरीची गाडी त्यांना करायची होती. कवच आम्ही करायचं. मुलं हुशार, नम्र. चहाचे कप स्वतः धुऊन ठेवणारी. पॅटर्न आणि साच्याचा खर्च आम्ही सांगितला. ते म्हणाले, अर्धा आत्ता देतो, उरलेला ‘नगामागे वसूल’ करा. या धंद्यातल्या प्रत्येकानं हे शब्द ऐकलेले आहेत. साचा शे-दोनशे नग देतो. प्रत्येक नगाच्या किमतीत साच्याचे थोडे थोडे पैसे धरायचे, शे-सव्वाशे नगांनंतर हिशेब चुकता. आम्ही दोन कवचं करून दिली. प्रदर्शनात गाडी झळकली, एका मंत्र्यानं त्यात बसून फोटो काढला, पेपरात आला. त्या तरुणांना पुढच्या प्रयोगासाठी नवं अनुदान मिळालं. नव्या प्रयोगात गाडीचा आकारच बदलला होता. म्हणजे नवा पॅटर्न, नवा साचा, पुन्हा अर्धे पैसे आणि पुन्हा ‘नगामागे वसूल’. मी नाही म्हटलं. पहिल्या साच्यातून निघालेले नग: दोन.

यात कोणी कोणाला फसवलं नाही. पैसा जिथून येत होता तिथला नियमच असा होता, की नव्या प्रयोगाला पैसे मिळतात आणि झालेल्या प्रयोगाचा माल करायला मिळत नाहीत. ब्रिटनमधली गोष्ट आकारानं मोठी, पण चाल तीच. सरकारनं चार शहरांत प्रयोग केले, अहवाल झाले, लोकांना गाडीविषयी काय वाटलं याचे सर्वे झाले. या सगळ्यातून शिकायला मिळालं, यात शंका नाही. पण ग्रिनिच असो की ब्रिटनमधलं दुसरं कुठलं नगर, ‘आम्हाला या वाटेवर पाच वर्षं चालवायला चाळीस पॉड द्या’ असा कागद वेस्टफील्डच्या टेबलावर कोणी ठेवल्याचं माझ्या ऐकण्यात नाही. सॉफ्टवेअरवाल्याचं याच्यावाचून अडत नाही. प्रयोगात शिकलेलं सगळं त्याच्या डोक्यात आणि संगणकात राहतं, ते तो खाणीच्या ट्रकवर चढवतो, बसवर चढवतो. ऑक्सबोटिकानं २०२३ च्या सुरुवातीला गुंतवणूकदारांकडून १४ कोटी डॉलर उभे केले आणि त्याच वर्षी ऑक्सा असं सुटसुटीत नाव घेतलं. एकाच पॉडचं डोकं आणि शरीर. डोक्याला भांडवल मिळालं, शरीराच्या दारी प्रशासक आला. साच्यात शिकलेलं साच्यातच अडकून राहतं. तो साचा दुसऱ्या गाडीला लागत नाही.

अमेरिकेत अॅरिझोनाच्या लोकल मोटर्सचंही असंच. वाळवंटात उडवायची रॅली फायटर ही गाडी काढून त्यांनी नाव कमावलं. गिऱ्हाइकानं स्वतः येऊन गाडी जोडायची, अशी तिथंही हौस होती. मग २०१६ मध्ये ऑली नावाची विनाचालक छोटी बस आली. तिचं कवच पुढे थ्री-डी प्रिंटरवर निघायला लागलं. विद्यापीठं, लष्करी तळ, शहरं, सगळीकडे तिची प्रात्यक्षिकं झाली. जानेवारी २०२२ मध्ये कंपनी बंद. मोठ्यांचीही हालत याहून बरी नव्हती. फोर्ड आणि फोक्सवॅगन यांच्या पैशांवर चालणारी, विनाचालक तंत्र बनवणारी आर्गो त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये मिटली, आणि जनरल मोटर्सनं १० अब्ज डॉलरच्या वर ओतून डिसेंबर २०२४ मध्ये क्रूझच्या रोबोटॅक्सीचा नाद सोडला. फरक एवढाच, की हत्तीला तो खड्डा होता आणि मुंगीला विहीर.

त्यात आता कायदाही हत्तीच्या मापाचा झाला आहे. ब्रिटननं २०२४ मध्ये स्वयंचलित वाहनांचा कायदा केला. गाडी स्वतः चालत असताना काही झालं तर आत बसलेल्या माणसाला जबाबदार धरायचं नाही. ज्या संस्थेच्या नावानं गाडीला मंजुरी मिळाली ती जबाबदार. प्रवासी म्हणून मला हे शंभर टक्के मान्य आहे. त्या संस्थेची पत, नाव आणि आर्थिक ताकद तपासली जाणार, हेही बरोबरच. पण याचा सरळ अर्थ असा, की वीस-पंचवीस माणसांच्या शेडला पुन्हा कधी आपल्या नावानं विनाचालक गाडी रस्त्यावर आणता येणार नाही. तिला कोणाचं तरी शरीर करून द्यावं लागेल, जॉबवर्कवाल्यासारखं. मला त्यात कमीपणा वाटत नाही. जॉबवर्कवर भोसरी, चाकण आणि अर्धं पिंपरी-चिंचवड उभं आहे. फक्त मग जॉबवर्कचे नियम पाळा: कामाचा दाम, वेळेवर, आणि साच्याचे पैसे आधी.

कॉव्हेंट्रीच्या ऑरिगोकडे पाहिलं की हे जास्त कळतं. हाही एक कौटुंबिक, मोठ्या मोटार कंपन्यांना लहानसहान भाग पुरवणारा कारखाना. त्याच सरकारी लाटेत मिल्टन कीन्ससाठी त्यांनी दोन माणसांचा पॉड केला. पण मग माणसं वाहायचा मोह सोडून ते विमानतळाकडे वळले. विमानापर्यंत सामान नेणारी विनाचालक ट्रॉली. सिंगापूरच्या चांगी विमानतळानं त्यांना जवळ केलं. तिथं रस्ता बंदिस्त, वेग कमी, लहान मूल आडवं येण्याची भीती नाही, आणि सगळ्यात महत्त्वाचं, ही गाडी हवीच आहे असं म्हणणारं, पैसे बाळगून असलेलं एक गिऱ्हाईक समोर. २०२२ मध्ये, वेस्टफील्ड प्रशासकाकडे गेली त्याच वर्षी, ऑरिगो लंडनच्या छोट्या कंपन्यांच्या शेअर बाजारात उतरली. ती गडगंज झाली असं नाही, पण उभी आहे. दोन्ही कारखान्यांच्या कसबात मला डावं-उजवं दिसत नाही.

म्हणून सरकारला माझं सांगणं असं: प्रयोगांची संख्या कमी करा आणि खरेदी करा. तीस ठिकाणी पंधरा-पंधरा दिवस पॉड मिरवण्यापेक्षा एका इस्पितळाच्या आवारात, एका विद्यापीठात किंवा एका बाजार समितीत पाच वर्षं चालवायचा करार करा. नापास झाला तर करार तोडा, दंड लावा. पण कारखानदाराला निदान शंभर नगांचं तरी तोंड दिसू द्या. यावर आक्षेप येतो की सरकारनं कच्चं तंत्रज्ञान कशाला विकत घ्यायचं, करदात्याचा पैसा आहे. बरोबर आहे. पण प्रयोगांत ओतलेला पैसाही करदात्याचाच होता, आणि त्यातून शेवटी त्याला बसायला गाडी मिळाली नाही. शिवाय कच्चं काय आणि पक्कं काय हे पंधरा दिवसांच्या मिरवणुकीत कळत नाही. ते तिसऱ्या पावसाळ्यात कळतं, दाराचं रबर सुटायला लागतं तेव्हा.

आपल्याकडे हा विषय निघाला की चर्चेची गाडी चालकांच्या नोकऱ्यांवर येऊन थांबते. नितीन गडकरी यांनी डिसेंबर २०२३ मध्ये नागपूरच्या आयआयएममध्ये बोलताना स्पष्ट सांगितलं, की चालकांचा रोजगार जाईल म्हणून विनाचालक गाड्या भारतात येऊ देणार नाही. मी या भूमिकेला हसत नाही. लाखो घरं त्या एका लायसन्सवर चालतात. पण दार पुढून बंद केलं तरी बाजूनं पॉड आत येतच आहे. मार्च २०२४ मध्ये एमएमआरडीए या मुंबईच्या विकास प्राधिकरणानं वांद्रे ते कुर्ला, बीकेसी म्हणजे वांद्रे-कुर्ला संकुलातून जाणाऱ्या पॉड टॅक्सीला मंजुरी दिली: सुमारे पावणेनऊ किलोमीटर, ३८ थांबे, एका पॉडमध्ये सहा प्रवासी, किलोमीटरला २१ रुपये भाडं, हजार कोटींच्या वर खर्च. हीथ्रोसारखाच स्वतंत्र मार्ग, त्यामुळे मोटार कायद्याच्या चालकाचा प्रश्नच येत नाही. ज्यानं कुर्ला स्टेशनबाहेर सकाळी साडेनऊला शेअर रिक्षासाठी धक्के खाल्ले आहेत किंवा ३१० नंबरच्या बेस्टमध्ये एका पायावर बीकेसी गाठलं आहे, त्याला याचं मोल सांगायला नको. त्या रिक्षावाल्यांचं काय, हा प्रश्न खरा आहे आणि तो विचारला जाईल, कारण त्यांच्या संघटना आहेत.

जो प्रश्न कोणी विचारत नाही तो हा, की पॉडचं शरीर कोण करणार? त्याची पॅनेलं, आसनं, दारं, आतली छतं. ही कामं वर्षानुवर्षं लागत राहतात. पॉड धडकतात, पॅनेलं तडकतात, आसनं फाटतात. ती बाहेरून कंटेनर भरून येणार, की तळोजा, अंबरनाथ आणि भोसरीच्या शेड्सना त्यांतली काही मिळणार? निविदेत दोन ओळी घातल्या तरी पुरे. एक, साच्याचा खर्च नगामागे नव्हे तर साचा मंजूर होताच द्यायचा आणि साचा प्रकल्पाच्या मालकीचा. दोन, लहान पुरवठादाराचं बिल ४५ दिवसांत, जे लहान उद्योगांसाठीच्या २००६ च्या कायद्यात लिहिलेलंच आहे आणि तरी प्रत्येक करारात पुन्हा भीक मागितल्यासारखं मागावं लागतं.

मागच्या महिन्यात पुन्हा एक फोन आला. गोदामात चालणारी विनाचालक ट्रॉली, कवच फायबरचं, ‘सुरुवातीला दोन नग, मग बघू’. मी ड्रॉइंग मागवलं, पॅटर्न, साचा आणि नग असे तीन वेगळे आकडे लिहून कोटेशन पाठवलं, आणि साच्यासमोर लिहिलं: पूर्ण रक्कम, आगाऊ. समोरून ‘ओके सर, कळवतो’ असा मेसेज आला. अजून तरी काही कळवलेलं नाही.